मदत हवी आहे: पावसाळ्याआधी बी भरून ठेवावं की घरचंच धरावं? (मुंबई, गॅलरीतली बाग)

खिडकीतली_बाग

नमस्कार मंडळी,

आम्ही कांदिवलीला चौथ्या मजल्यावर राहतो. गॅलरीला पश्चिमेचं ऊन आहे, ग्रिलमध्ये लोखंडी स्टँड आणि त्यावर कुंड्या, ग्रो बॅगा. पावसाळ्यात दोडका, भेंडी, कारलं आणि दिवाळीच्या आसपास टोमॅटो, मेथी, वाल. सगळं हौसेपुरतंच. पण सासूबाईंना घरच्याच दोडक्याच्या शिरांची चटणी लागते, त्यामुळे दोडक्यात तडजोड नाही.

अडचण अशी की नेहमीच्या नर्सरीत भाजीच्या बियांची छोटी पाकिटं मिळेनाशी झालीत. मे महिन्यात विचारलं की "अजून माल आला नाही", आणि जूनमध्ये छत्री घेऊन गेलं की "संपलं". गेल्या पावसाळ्यात दोडका मिळालाच नाही. भेंडी मिळाली ती हायब्रीड. कारलं एका ऑनलाइन दुकानातून मागवलं, त्यातली दोन रोपं वर आली आणि बाकीचं मातीतच विरघळलं. तक्रार केली तर उत्तर आलं, "पाणी जास्त झालं असेल."

म्हणून यंदा आत्ताच, एप्रिलमध्ये, वर्षभराचं बी घेऊन ठेवायचा विचार आहे. पण आधी आणलेलं बी पावसाळाभर घरात टिकतं का? आधीच्या पाकिटांत उरलेली मिरची मी ऑक्टोबरमध्ये पेरली होती, एक दाणा रुजला नाही. दुसरं म्हणजे घरचं बी धरायचं झालं तर कशाचं धरता येतं आणि कशाचं नाही? आजी राखेत घोळवून मडक्यात ठेवायची, पण फ्लॅटमध्ये राख कुठून आणू? फ्रिजमध्ये ठेवा म्हणतात, तर आमच्या फ्रिजमध्ये आधीच तीन पिढ्यांची लोणची आहेत.

आणि एक घाईचा प्रश्न. अलिबागच्या मावसबहिणीने दिलेल्या गावरान दोडक्याच्या वेलावर आत्ता दोन दोडके आहेत. एक बियाला सोडू का? वरच्या मजल्यावरच्या काकूंनी घोसाळ्याचा वेल चढवलाय, त्याने काही बिघडेल का?

साळुंकी

अगदी हेच लिहायला आले होते. आमच्याकडे ठाण्यातही तीच रड. नर्सरीवाल्यांना शोभेच्या झाडांत पैसा आहे, भाजीचं तीस रुपयांचं पाकीट ठेवून त्यांना काय मिळणार?

क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला बियाण्यांची जुनी दुकानं आहेत, तिथे आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. शनिवारी जाऊ नका, दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. आणि "देशी द्या" असं म्हणू नका, देशी म्हणून तो काहीही देतो. वाणाचं नाव सांगायचं. पाकिटावर एफ-१ किंवा संकरित, म्हणजे हायब्रीड, लिहिलेलं असेल तर ते ह्या वर्षीपुरतं घ्या, त्याचं बी धरायच्या भानगडीत पडू नका.

दापोलीकर

खिडकीतली बाग, तुमची मिरची का रुजली नाही ते आधी सांगतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

बी मेलं ते बहुतेक तुमच्या कपाटात. बी जिवंत असतं, श्वास घेतं. त्यातला ओलावा एक टक्का कमी केला तर आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंश सेल्सियस उतरवलं तरी दुप्पट होतं. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा हा आडाखा बीजशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. त्याचाच दुसरा ठोकताळा असा: खोलीचं तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, त्यात हवेतली आर्द्रता टक्क्यांत मिळवा, बेरीज शंभराच्या आत हवी. आता मुंबईचा जुलै धरा. तापमान ८२ आणि आर्द्रता ८५, म्हणजे १६७. उघड्या बरणीतला पापड जिथे चार दिवसांत सादळतो तिथे कागदी पाकिटातली मिरची चार महिने काय टिकणार? मिरची, कांदा, भेंडी ही तशीही लवकर मान टाकणारी बियाणी. टोमॅटो, वांगं, काकडी त्या मानाने चिवट.

तेव्हा आधी घेणं बरोबरच आहे, पण एप्रिलमध्ये आणून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकणार असाल तर न घेतलेलंच बरं. पैसे बियांवर घालण्याआधी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीवर आणि सिलिका जेलवर घाला. निळे खडे मिळतात, ओलावा ओढला की गुलाबी होतात. गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतले की परत निळे. बरणीत तळाशी खडे, वर कापडाच्या पुरचुंड्यांत बी, आणि ती बरणी फ्रिजच्या दारात. तिथे बेरीज सत्तरच्या आसपास येते. नुसतं पाकीट फ्रिजमध्ये टाकू नका, फ्रिजमध्येही ओल असते. आणि एक गोष्ट हटकून पाळा: बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत उघडायची नाही. गार बियांवर मुंबईची हवा बसली की पाणीच सुटतं.

सिलिका नसेल तर तांदूळ कोरडे खरपूस भाजा, बंद डब्यात गार करा आणि ते तळाशी घाला. उत्तम चालतं.

पाकीट घेताना किंमत नंतर बघा, आधी चाचणीची तारीख बघा. आपल्याकडे १९६६ च्या बियाणे कायद्याखाली लेबलवर उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख द्यावी लागते, आणि वैधता चाचणीपासून नऊ महिने. एप्रिलमध्ये दुकानात मिळणारं पाकीट गेल्या ऑगस्टच्या चाचणीचं असेल तर ते जूनमध्ये पेरायच्या आधीच मुदतीबाहेर गेलेलं असणार. मुदत संपली म्हणजे बी मेलं असं नाही, पण त्याची पूर्ण किंमत का मोजायची? कमीत कमी उगवण भेंडीला ६५ टक्के, टोमॅटोला ७०, मिरचीला ६० आणि वेलभाज्यांना ६० ठरलेली आहे. दहातली सहा कारली आली असती तर दुकानदाराचं बरोबर होतं. मूठभर बियांतून दोन म्हणजे पाण्याचा दोष नव्हे.

दोडक्याचं संध्याकाळी लिहितो, आत्ता कामावर आहे.

मुलुंडची_मावशी

दापोलीकर, सगळं पटलं, पण राखेला एवढं बाजूला सारू नका. राख ओल ओढते आणि भुंग्यालाही आवरते. आमच्या गावी पडवळ, काकडीचं बी राखेत मळून भिंतीला थापायचे, तेच पुढच्या मृगाला खरवडून पेरायचे. चुलीवर टांगलेलं कणीस कुणी पाहिलंय की नाही? धूर आणि ऊब दोन्ही मिळायचं. मुंबईत चूल नाही हे खरं. पण होळी झाली की आमच्या सोसायटीतली गोवऱ्यांची राख मी डबा भरून चाळून ठेवते. वॉचमन हसतो, हसू दे.

वालाचं मात्र सांगते. कडवे वाल आणि चवळीत भुंगा बहुधा बाहेरून येत नाही, शेंग वेलावर असतानाच अंडी घातलेली असतात. म्हणून डबा कितीही घट्ट लावा, आत पीठ होतंच. दाणे खडखडीत वाळवा आणि डब्यात भरून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग काढून बरणीत. नीट वाळले नसतील तर फ्रीजरमध्ये दाणा फुटतो, म्हणून आधी एक दाणा बत्त्याने ठेचून बघायचा. तुकडे उडाले तर तयार, चपटा झाला तर अजून वाळवायचा.

बाकी मेथी, धणे, मोहरी, चवळी ह्यांचं बी पाकिटातून कोण घेतं गं? वाण्याकडून पावशेर आण, निम्मं फोडणीला निम्मं कुंडीला. धणे तेवढे लाटण्याने हलके रगडून दोन फाका कर.

खिडकीतली_बाग

मावशी, होळीची राख! हे डोक्यातच आलं नाही. यंदाची होळी तर गेली.

दापोलीकर, फ्रिजच्या दारात एका बरणीची परवानगी मिळाली आहे, त्या बदल्यात कैरीच्या लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही अशी अट आहे. दोडक्याची वाट बघते आहे.

गिरगावकर

तुटवडा तुटवडा म्हणतो आपण, पण तो नेमका कशाचा हे बघायला हवं. २०२० मध्ये टाळेबंदीत जगभर लोक घरी भाज्या लावायला लागले तेव्हा अमेरिकेत, इंग्लंडमध्ये मोठमोठ्या बियाणे कंपन्यांनी काही दिवस ऑर्डर घेणंच थांबवलं होतं. गोदामात बी बऱ्यापैकी होतं, पाकिटं भरणारे हात कमी पडले. आपल्याकडेही तसंच काहीसं. बी आहे, पण ते दहा ग्रॅम, पन्नास ग्रॅमच्या पाकिटात शेतकऱ्याच्या मापाने भरलेलं. आपल्याला हव्यात दहा बिया. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया असतात, म्हणजे दहा ग्रॅमचं पाकीट घेतलं तर तीन हजार रोपं. माझ्या गच्चीत, ह्या जन्मात तरी, शक्य नाही.

आम्ही आमच्या चाळीत आणि आजूबाजूच्या दोन इमारतींत मिळून एकच मोठं पाकीट घेतो आणि वाटून घेतो. ताजं मिळतं, स्वस्त पडतं आणि छोट्या पाकिटामागे धावावं लागत नाही. भेंडीसाठी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, टोमॅटोला पुसा रुबी, मिरचीला पुसा ज्वाला. ही सगळी सरळ वाणं आहेत, म्हणजे संकरित नाहीत, बी धरता येतं. अर्का रक्षक टोमॅटो चांगला आहे पण तो संकरित. नावापुढे अर्का किंवा पुसा आहे म्हणजे सरळ वाण असं समजू नका. अर्का म्हणजे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं, पुसा म्हणजे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचं, एवढंच. बंगळुरूची संस्था पोर्टलवरून घरपोच बी पाठवते.

जानेवारी-फेब्रुवारीत राणीच्या बागेत महापालिकेचं झाडं-फुलांचं प्रदर्शन असतं, तिथे स्टॉलवर बी मिळतं. उन्हाळी आणि पावसाळी भाज्यांची खरेदी मी तिथेच उरकतो. तुम्हाला ह्या वर्षी उशीर झाला.

दापोलीकर

दोडका आणि घोसाळं. तुमची शंका रास्त आहे. दोन्ही लुफा वंशातली, त्यांचा संकर होऊ शकतो. पण दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि घोसाळ्याचं सकाळी, त्यामुळे धोका वाटतो तेवढा मोठा नाही. घोसाळ्याची फुलं संध्याकाळपर्यंत बहुधा कोमेजलेली असतात. तरी आत्ता वेलावर असलेल्या दोन दोडक्यांत काय आहे ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. आसपास दुसऱ्या कुणाचा दोडकाच असेल तर घोसाळ्यापेक्षा तो जास्त नडेल.

खात्रीचं बी हवं असेल तर पुढच्या फुलावर हाताने काम करा. दुपारी वेल बघायचा. उद्या उमलणारी कळी हिरवी, घट्ट असते. आज संध्याकाळी उमलणारी टोकाला पिवळी झालेली असते. मादी कळीच्या मागे बोटभर दोडका आधीच दिसतो, नराची कळी गुच्छात येते आणि मागे नुसता देठ. एक मादी आणि दोन-तीन नर कळ्यांची तोंडं दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने हलकी बांधून टाका. संध्याकाळी सोडा, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे वळवा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. परत मादीचं तोंड बांधा. देठाला रंगीत लोकरीचा तुकडा बांधून ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी तो दोडका कोवळा म्हणून तोडेल आणि चटणी करेल. हे होतंच.

दुधी, पडवळ संध्याकाळी-रात्री उमलतात. कारलं, काकडी सकाळी. रीत तीच. दुधी आणि काकडीचं एक लक्षात ठेवा: घरच्या बीचं फळ जिभेवर कडू लागलं तर ते फेकून द्यायचं, "थोडं कडवट आहे, चालेल" असं म्हणून खायचं नाही. कडू दुधीचा रस पिऊन लोक गंभीर आजारी पडले आहेत.

आता कशाचं धरावं. नवख्याने सुरुवात वाल, चवळी, घेवडा, मेथी आणि टोमॅटोने करावी. ही स्वतःच्याच परागाने फळतात, एका कुंडीतूनही बी खरं निघतं. चवळीत आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण सदाबहार आहे, बुटकी, बाराही महिने येणारी, गॅलरीला साजेशी. वांगं, मिरची, भेंडी अधूनमधून दुसऱ्याचा पराग घेतात. शेजारी दुसरा वाण नसेल तर बिनधास्त धरा, असेल तर फुलावर मलमलीची छोटी पिशवी चढवा. मुळा आणि मका ह्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांना बरीच झाडं एकत्र लागतात, दोन कुंड्यांतलं बी पिढीगणिक दुबळं होत जातं. ते विकतच आणा.

टोमॅटोचा गर बियांसकट वाटीत काढून दोन दिवस झाकून ठेवायचा. मुंबईच्या उकाड्यात दीड दिवसही पुरतो. वर पांढरी साय येते, वास सुटतो. त्यापुढे ठेवलं तर बी वाटीतच मोड काढतं. पाणी घालून ढवळलं की पोचट बी वर येतं, ते ओतून द्यायचं. तळाचं चांगलं बी चाळणीत धुऊन स्टीलच्या ताटलीत पसरायचं. टिश्यू पेपरवर नको, मग ते खरवडत बसावं लागतं. कडक उन्हातही नको. पंख्याखाली, सावलीत.

नवशिक्या_माळी

बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या चालतील का? माझ्याकडे ढीगभर आहेत. आणि असं बी एकमेकांना वाटणं कायद्याने चालतं का? कुठेतरी वाचलं की बियाण्यांवर कंपन्यांचा हक्क असतो.

दापोलीकर

पुड्या बहुतेक आधीच ओल ओढून बसलेल्या असतात आणि त्या तशाच कढईत टाकल्या तर पुडी जळेल. फोडून खडे काढा, परता, कापडात बांधा.

कायद्याचं: २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला बी राखायचा, परत पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचासुद्धा हक्क आहे. मनाई एवढीच की संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या वेष्टनात घालून विकायचं नाही. शेजाऱ्याला वाटीभर वाल द्यायला कुणाची आडकाठी नाही.

साळुंकी

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे हेच तर करतात, गावरान बी गोळा करून लोकांना देणं. २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली त्यांना. त्यांच्या घरातल्या मातीच्या गाडग्यांचे आणि डब्यांचे फोटो पाहिलेत? फ्रिज बिज काही नाही!

मुलुंडची_मावशी

अगं, कोंभाळणं घाटावर, आपण समुद्राकाठी. तिथली हवा आणि आपल्या इथली हवा एक आहे का? माझी राख मी सोडणार नाही, पण जून ते सप्टेंबर माझाही डबा फ्रिजमध्येच असतो. आता कबूल केलं.

गिरगावकर

अजून एक. जुनं बी पेरायच्या आधी उगवण तपासा, म्हणजे कुंडी अडकून राहत नाही. सोयाबीनच्या उगवणीच्या तक्रारींनंतर कृषी खातं शेतकऱ्यांना गोणपाटावर शंभर दाणे ठेवून तपासायला सांगतं, तीच पद्धत. आपण दहा दाणे घ्यायचे, ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात. दहातले सात-आठ आले तर नेहमीसारखं पेरा, चार-पाच आले तर दुप्पट टाका, एक-दोन आले तर विसरा. मोड आलेले दाणे फेकू नका, तेच कुंडीत लावा. आणि गुलाबी, निळा रंग लावलेलं बी असेल तर त्यावर बुरशीनाशक असतं. हात धुवा, पोरांच्या हाती देऊ नका, उरलेलं पक्ष्यांना टाकू नका.

खिडकीतली_बाग

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: भेंडी आणि कारलं ह्या आठवड्यात क्रॉफर्ड मार्केटहून, चाचणीची तारीख बघून. टोमॅटो-मिरची आत्ता नाही, सप्टेंबरमध्ये, म्हणजे पावसाळाभर सांभाळायची कटकट नको. वाल-चवळी घरचीच धरेन. गिरगावकर, तुमच्या वाटणीत पश्चिम उपनगरातलं कुणी चालत असेल तर पुसा ज्वालाचा माझा हिस्सा धरा, मी चर्नी रोडला येऊन घेऊन जाईन.

आज दुपारी वेल बघितला. टोकाला पिवळी झालेली एक मादी कळी आहे, नराच्या चार. सगळ्यांना दोरा बांधला. शेवटचं विचारते: संध्याकाळी नक्की किती वाजता सोडू? आणि बियाला ठेवलेला दोडका काढायचा कधी, पावसाआधी की नंतर?

दापोलीकर

साडेपाच-सहाच्या सुमारास बघा. दोरा सोडल्यावर पाकळ्या आपणहून पसरल्या तर वेळ बरोबर, जबरदस्तीने उघडावं लागलं तर अर्धा तास थांबा.

दोडका वेलावरच पूर्ण तपकिरी होऊन वाळला पाहिजे. हलवला की आत खुळखुळतो, खालचं झाकण आपोआप सुटतं आणि काळं बी ओंजळीत पडतं. फूल लागल्यापासून दीड-दोन महिने लागतात, म्हणजे तुमचा जूनमध्ये पोचणार. पाऊस सुरू झाला आणि साल पिवळी पडून देठ वाळायला लागला असेल तर वेलावर कुजू देऊ नका. देठासकट कापून स्वयंपाकघरात उंच टांगा, तिथे वाळतो. साल अजून हिरवीगार असेल तर मात्र वेलावरच राहू द्या आणि वरून प्लॅस्टिकची टोपी घाला.